इतिहासाची प्रत प्रत्येकाकडे

२६ जुलै २००५ म्हणजे काय, हे कुर्ल्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेनं चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. विहार तलावाकडून माहीमच्या खाडीकडे जाणारी मिठी नदी काठ सोडून वस्तीत शिरली. क्रांतीनगर, बैलबाजार आणि कुर्ला पश्चिमेचा कितीतरी भाग पाण्याखाली गेला. तळमजल्यावर जे जे होतं ते भिजलं. रेशनकार्डं, शाळेचे दाखले, दुकानांच्या हिशेबवह्या. ज्या कागदाची दुसरी प्रत कुठेतरी होती तो पुन्हा मिळाला, ज्याची नव्हती तो गेला.

नेमक्या त्याच तारखेला लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी आपला जेमतेम चार महिन्यांचा एक प्रोग्राम जुनिओ हमानो यांच्या हाती सोपवला. प्रोग्रामचं नाव गिट. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरी मला त्या शेजारी शेजारी ठेवून बघायला आवडतं, कारण गिटच्या मुळाशी असलेली कल्पना अशी की, कामाची ‘एकुलती एक’ प्रत असूच नये. टीममध्ये जितकी माणसं, तितक्या संपूर्ण प्रती. आणि संपूर्ण म्हणजे आजच्या कोडपुरती नव्हे, पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या इतिहासासकट.

कुर्ल्यात आज सॉफ्टवेअर लिहिणारी माणसं पुष्कळ आहेत. फिनिक्स मार्केटसिटीच्या आजूबाजूच्या इमारतींत आहेत, आणि जिथे एकेकाळी प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून पद्मिनी गाड्या बाहेर पडत त्या जागेवरच्या कोहिनूर सिटीतही आहेत. यांतल्या कुठल्याही नव्या टीमला पहिल्या आठवड्यातच एक निर्णय घ्यावा लागतो: कोडच्या आवृत्त्यांचा हिशेब ठेवणारं व्हर्जन कंट्रोल कोणतं वापरायचं? बहुतेक जण ‘सगळे गिट वापरतात’ म्हणून गिट घेतात आणि पुढे जातात. निर्णय बहुधा बरोबरच असतो, पण त्यातलं नवल बघायचं राहून जातं. ते इतकं मोठं आहे की राहू देणं बरं वाटत नाही.

सॉफ्टवेअर हा शेवटी मजकूर असतो. तो एकाच वेळी दहा जण लिहीत, खोडत, दुरुस्त करत असतात. अशा मजकुराला तीन प्रश्न कायम विचारावे लागतात: ही ओळ कुणी बदलली, केव्हा बदलली आणि का बदलली? हे प्रश्न संगणकाबरोबर जन्मले असं आपल्याला वाटतं. मराठी माणसाला तरी तसं वाटायचं कारण नाही.

ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे १२९० सालची. पुढची जवळजवळ तीनशे वर्षं ती हातानं उतरवली गेली. प्रत्येक लेखनिक माणूसच होता. कुणाचा डोळा एका ओळीवरून दुसरीवर घसरला, कुणी न कळलेला जुना शब्द बदलून ओळखीचा घातला, कुणी भक्तीच्या भरात स्वतःची ओवी जोडली. शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी उपलब्ध प्रती ताडून पाहिल्या आणि ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. शेवटी त्यांनी वाचकांना बजावलं की, यात आपल्या ओव्या मिसळू नका. मला या जागी नेहमी थांबावंसं वाटतं. एवढ्या अधिकाराच्या माणसालाही फक्त सांगताच येत होतं. ते कुणी पाळलं की मोडलं, हे पुढच्या शतकातल्या वाचकाला कळावं असा कुठलाच उपाय तेव्हा हातात नव्हता.

याच प्रश्नाचं महाकाय रूप पुण्यात उभं राहिलं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं. १९२५पासून विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले. शारदा, देवनागरी, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम अशा लिप्यांमधली एकूण १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली. एकेक श्लोक घ्यायचा आणि त्याखाली प्रत्येक पोथीतला पाठ नोंदवत जायचं. हे पाठ ताडण्याचं काम पुण्याखेरीज शांतिनिकेतनात आणि तंजावरच्या सरस्वती महालातही चालत असे. सुकथनकर १९४३मध्ये गेले आणि काम इतरांनी पुढे नेलं. सप्टेंबर १९६६मध्ये राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत ते पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. ४७ वर्षं लागली.

त्या विद्वानांना शोधायचा होता पोथ्यांचा वंशवृक्ष. दोन पोथ्यांत एकच विचित्र चूक सापडली, तर दोघींचा पूर्वज एक असणार. उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या पोथ्या जिथे अचूक जुळतात, तो पाठ त्या दोन शाखा फुटण्याआधीचा असणार. अशा तर्कानं पानांकडून फांद्यांकडे आणि फांद्यांकडून बुंध्याकडे जायचं. ज्या शब्दाची खात्री नाही त्याखाली सुकथनकरांनी नागमोडी रेघ मारली. जो भाग नंतरचा ठरला तो फेकून दिला नाही, तळटीपेत किंवा परिशिष्टात जपला. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीनं लिहून घेतलं, ही आपल्या सगळ्यांची लाडकी कथाही मूळ पाठातून निघून आदिपर्वाच्या परिशिष्टात गेली. पण ती तिथे आहे आणि कोणकोणत्या पोथ्यांत सापडते त्या नोंदीसकट आहे.

गिट हा वृक्ष उलट्या दिशेनं वाढवतं. इथे कुणाला मागाहून पूर्वज शोधत बसावं लागत नाही, कारण प्रत्येक नवी अवस्था जन्मतानाच आपल्या आईबापाचं नाव स्वतःच्या पोटात लिहून ठेवते. सॉफ्टवेअरवाले या अवस्थेला कमिट म्हणतात. कमिटमध्ये त्या क्षणीच्या सगळ्या फाइलींचा ठाव, कुणी केलं, केव्हा केलं, का केलं याचं एखादं वाक्य आणि आधीच्या कमिटचं नाव एवढं असतं. अमुक ओवी एकनाथांच्या आधीची की नंतरची, असला वाद इथे उभाच राहत नाही.

आणि हे ‘नाव’ म्हणजे काय, ते ऐकण्यासारखं आहे. गिटमध्ये साठवलेल्या मजकुराला हे नाव माणूस देत नाही. फाइलीतला मजकूर एका गणिती चाळणीतून जातो आणि दुसऱ्या टोकाला चाळीस चिन्हांची ओळ पडते. तेच त्या मजकुराचं नाव. मजकूर तोच असेल तर नाव तेच येणार, एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तर संपूर्ण नाव ओळखू येणार नाही इतकं बदलणार. पूर्ण रिकाम्या फाइलीचं नाव ‘ई६९डीई२९’ असं सुरू होतं. कुर्ल्यातल्या लॅपटॉपवर तसंच, टोकियोतही तसंच, अंटार्क्टिकावर कुणी गिट चालवलं तरी तसंच. कुणी कुणाला विचारलेलं नाही, कुठल्या कचेरीत नोंद नाही, तरी सगळ्यांचं एकमत आहे! शक्य नावांची संख्या १ वर ४८ शून्यं दिल्यावर होणाऱ्या आकड्यापेक्षाही मोठी आहे, म्हणून दोन वेगळ्या मजकुरांची नावं चुकून एक होण्याची भीती धरण्यात अर्थ नाही. (मुद्दाम घडवणं ही वेगळी गोष्ट. ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेतल्या आणि गूगलमधल्या संशोधकांनी २०१७मध्ये प्रचंड गणनाशक्ती खर्चून ही एसएचए-१ नावाची चाळणी एकदा फसवून दाखवली. त्यानंतर गिटमध्ये असा डाव ओळखणारी तपासणी आली आणि अधिक भक्कम चाळणीकडे जाण्याचं कामही सुरू झालं.)

आता दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून बघा. प्रत्येक कमिटचं नाव त्याच्या आतल्या सगळ्या मजकुरावरून ठरतं आणि त्या मजकुरात आधीच्या कमिटचं नावही येतं. म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या एका कमिटमध्ये कुणी गुपचूप एक अक्षर बदललं, तर त्याचं नाव बदलणार, त्यामुळे त्याच्या पुढच्याचं, त्याच्याही पुढच्याचं, असं करत आजच्या ताज्या कमिटपर्यंतचं प्रत्येक नाव बदलणार. ज्यांच्याकडे जुनी प्रत आहे त्या प्रत्येकाला गडबड कळणार. आजच्या कमिटची चाळीस चिन्हं हातात असली की अख्ख्या इतिहासाची हमी हातात असते. एकनाथांच्या त्या विनंतीला लागणारं बळ ते हेच.

याची परीक्षा २०११मध्ये झाली. लिनक्सचा मूळ कोड जिथे ठेवलेला असतो त्या कर्नल डॉट ऑर्गच्या सर्व्हरमध्ये कुणीतरी शिरलं आणि त्याला तिथले सर्वोच्च अधिकार मिळाले. एरवी अशा बातमीनंतर कुठली ओळ खरी, कुठली घुसडलेली, याचा शोध महिनोन् महिने चालला असता. इथे कोडच्या इतिहासाबद्दल घाबरण्याचं कारण नव्हतं. तो गिटमध्ये होता आणि जगभर हजारो लोकांच्या यंत्रांवर त्याच्या संपूर्ण प्रती होत्या. सर्व्हरवरची एक फाइल बदलली असती, तरी पुढच्या वेळी कोड ओढून घेणाऱ्याला विसंगती दिसली असती.

गिटच्या आधीच्या पिढ्यांनाही त्यांचं श्रेय द्यायला हवं. १९७२मध्ये बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकिंड यांनी एससीसीएस लिहिलं. १९८२मध्ये वॉल्टर टिची यांचं आरसीएस आलं, ज्यात ताजी आवृत्ती पूर्ण ठेवून जुन्या आवृत्त्या फक्त फरकांच्या रूपात जपल्या जात. या दोन्हींत रीत कुलुपाची होती. मी फाइल काढली की ती माझ्या नावावर लॉक, बाकीच्यांनी थांबायचं. फाइल लॉक ठेवून एखादा सहा-वीसची बदलापूर पकडून घरी गेला, तर उरलेल्यांची संध्याकाळ गेलीच. पुढे सीव्हीएस आणि २००४मध्ये सबव्हर्जनची पहिली पूर्ण आवृत्ती आली. यांत कुलूप सक्तीचं राहिलं नाही, सगळ्यांनी एकाच वेळी लिहायचं आणि नंतर जुळवायचं अशी रीत आली. इतिहास मात्र एकाच सर्व्हरवर राहिला.

‘नंतर जुळवायचं’ हे म्हणायला सोपं. समजा, शंभर ओळींची एक फाइल आहे. एकीनं दहावी ओळ बदलली, दुसऱ्यानं नव्वदावी. दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या तर दोन ठिकाणी फरक दिसतील, पण दहाव्या ओळीचं नवं रूप कोणतं आणि जुनं कोणतं, हे नुसतं बघून कळणार नाही. तिसरी प्रत हवी: दोघांनी जिथून सुरुवात केली ती, दोघांचा समान पूर्वज. ती मिळाली की यंत्राला क्षणात कळतं की दहावी हिनं बदलली, नव्वदावी त्यानं, दोन्ही ठेवा. पुण्यातल्या पंडितांनी ज्या पूर्वजासाठी ४७ वर्षं घालवली तो गिटला निमिषात सापडतो, कारण वंशवृक्ष आधीच लिहिलेला असतो. दोघांनी एकच ओळ वेगवेगळी बदलली असेल, तर मात्र गिट स्वतःच्या मनानं निवडत नाही. त्या जागी दोन्ही पाठ ठेवून वर-खाली खुणा करतं आणि माणसाला हाक मारतं. याला म्हणतात मर्ज कॉन्फ्लिक्ट. मला त्यात सुकथनकरांची नागमोडी रेघ दिसते. फरक एवढाच की त्यांना मागचं निश्चित माहीत नव्हतं, इथे मागचं पक्कं माहीत असतं आणि पुढचं ठरायचं असतं.

इतिहास असा ओवलेला असला की त्यातून आणखी एक गंमत निघते. गेल्या महिन्यात चालत असलेली गोष्ट आज बिघडली आहे आणि मध्ये हजार कमिट झालेत. गिटला सांगायचं: ‘तेव्हा ठीक, आज बिघडलेलं’. ते मधोमधचं कमिट काढून देतं, तुम्ही तपासून सांगायचं, चांगलं की वाईट. मग उरलेल्या अर्ध्याच्या मधोमध. हजारांतून गुन्हेगार शोधायला फार तर दहा फेऱ्या लागतात. दहा लाखांतून वीस!

मग निवड कशी करायची? एक प्रश्न फारसा विचारला जात नाही: हत्यार कुणाच्या मालकीचं आहे? लिनक्सची मंडळी २००२पासून बिटकीपर वापरत होती. ते एका कंपनीचं होतं आणि मोफत परवान्यावर मिळालेलं होतं. एप्रिल २००५मध्ये वाद होऊन तो परवाना गेला. टोरवाल्ड्स यांनी ३ एप्रिलला गिट लिहायला घेतलं, ७ एप्रिलला गिट स्वतःचाच इतिहास स्वतःमध्ये ठेवू लागलं आणि जूनमध्ये लिनक्सची २.६.१२ ही आवृत्ती गिटमधून बाहेर पडली. त्याच एप्रिलमध्ये, त्याच निकडीतून, मर्क्युरिअल हे दुसरं उत्तम साधनही जन्मलं. असली झेप कुर्ल्यातल्या सहा जणांच्या टीमला परवडणार नाही, म्हणून जे मुक्त आहे आणि कुणाला काढून घेता येणार नाही तेच घ्यावं. गिट आणि गिट ठेवायला जागा देणारी वेबसाइट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही टीममधल्या प्रत्येकाला माहीत असावं. वेबसाइट उद्या बदलता येते, इतिहास सोबत येतो.

दुसरा प्रश्न फाइलींच्या जातीचा. ओळींत लिहिलेला कोड जुळवता येतो. ॲनिमेशनचं दृश्य, खेळातलं त्रिमित पात्र, मोठी ध्वनिफीत यांना ओळी नसतात. दोघांनी तेच पात्र वेगवेगळं रंगवलं तर कुठलंही यंत्र दोन्ही एकत्र करू शकत नाही. शिवाय प्रत्येक आवृत्ती काही शे मेगाबाइटची असेल, तर संपूर्ण इतिहास प्रत्येकाच्या लॅपटॉपवर ठेवणं हा छळ होतो. तिथे जुनं कुलूप शहाणपणाचं ठरतं. म्हणूनच गेम बनवणाऱ्या अनेक कंपन्या आजही परफोर्स ही केंद्रीय व्यवस्था वापरतात. केंद्रस्थानी एकच प्रत ठेवण्याची पद्धत मागासलेली आहे, असंही समजू नये. जानेवारी २०१५मध्ये गूगलच्या एकाच भांडारात सुमारे शंभर कोटी फाइली आणि ८६ टेराबाइट मजकूर होता आणि तो त्यांच्या स्वतःच्या केंद्रीय व्यवस्थेत चालत होता. टीमच्या काही भागांना कोडचा काही भाग दिसताच कामा नये अशी अट असेल, तर सबव्हर्जनमध्ये फोल्डरनिहाय परवानगी देता येते. गिटमध्ये ज्याला रेपॉझिटरी, म्हणजे कोडचं भांडार, मिळाली त्याला सगळं मिळालं.

हे ‘सगळं मिळणं’ एका बाबतीत जपून वापरावं लागतं. कुणी घाईत डेटाबेसचा पासवर्ड कोडमध्ये लिहून पुश केला आणि दुसऱ्या कमिटमध्ये खोडला, तर तो खोडला जात नाही. इतिहासात तो आहे आणि इतिहास प्रत्येकाकडे आहे. अशा वेळी पासवर्डच बदलायचा, दुसरा मार्ग नाही. नव्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवायची ही गोष्ट आहे.

आणि प्रत म्हणजे बॅकअप, हा समज फार भोवू शकतो. मार्च २०१३मध्ये केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या मुख्य सर्व्हरवरची फाइल व्यवस्था बिघडली. जगभरचे त्यांचे आरसे-सर्व्हर मुख्य सर्व्हरची हुबेहूब नक्कल करण्यासाठी बांधलेले होते, म्हणून त्यांनी बिघाडाचीही इमानदारीनं नक्कल केली. सुमारे १,५०० रेपॉझिटरी जाण्याच्या बेतात होत्या. एका सर्व्हरवर शाबूत प्रती निघाल्या, म्हणून सगळं वाचलं. वाचलं ते व्यवस्थेमुळे नव्हे, नशिबानं. वेळोवेळी घेतलेली, वेगळ्या जागी ठेवलेली आणि मुख्य सर्व्हरनं बदलू न शकणारी प्रत म्हणजे बॅकअप.

माझं मत स्पष्ट आहे. तुमची टीम मुख्यतः कोड लिहीत असेल तर गिट घ्या आणि दुसरा विचार करू नका. नव्यानं येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ते येत असतं, पाऊस पडून इंटरनेट गेलं तरी कमिट करता येतं, इतिहास वाचता येतो. मोठमोठ्या चित्रफाइली हेच तुमचं मुख्य काम असेल तर लॉक देणारी केंद्रीय व्यवस्था घ्या, त्यात कमीपणा मानू नका. जे घ्याल त्यात दर कमिटबरोबर ‘काय बदललं’ याऐवजी ‘का बदललं’ ते एका पूर्ण वाक्यात लिहा, मराठीत लिहिलंत तरी चालेल. कुणी आणि केव्हा हे यंत्र टिपतं, का हे तुम्हालाच सांगावं लागतं. आणि आज ऑफिसात गेलात की एक काम करा: एका कोऱ्या मशीनवर तुमच्या बॅकअपमधून रेपॉझिटरीचा क्लोन घ्या आणि त्यातून सॉफ्टवेअर उभं राहतं का ते स्वतः चालवून बघा.